वॉशिंग मशीनमागचे दिवाण-फडणीस

सयाजीगंजमध्ये सेव-उसळच्या गाडीसमोर मी उभी होते, पावसाची भुरभुर चालू होती, आणि एका अनोळखी मुलाने माझ्या हातात टोपली ठेवली.

"बे मिनिट पकडशो?"

एवढं विचारून तो हेल्मेटच्या पट्ट्याशी झटापट करायला लागला. पट्टा हनुवटीखाली अडकला होता आणि जिंकत होता. मी टोपली पकडली. टोपली म्याव म्हणाली.

बडोद्यात अनोळखी माणसाशी गुजरातीत बोलायचं असतं, म्हणून आम्ही रीतसर गुजरातीत बोललो. मग त्याचा फोन वाजला आणि तो म्हणाला, "आई, तू जेवून घे गं, मला उशीर होईल." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. इथल्या मराठी माणसांची ओळख बहुतेक अशीच होते, तिसऱ्याच्या फोनमुळे.

त्याचं नाव ओजस. दिवसभर तो एका लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवतो आणि उरलेल्या वेळात तो आणि त्याची मित्रमंडळी रस्त्यावर सापडलेल्या मांजराच्या पिल्लांना घरं शोधून देतात. ही दोन पिल्लं एका गाडीच्या बॉनेटमध्ये सापडली होती. जे लोक नेणार होते त्यांनी आत्ताच नाही म्हटलं होतं. मी झाकण जरा वर करून बघितलं. चार डोळे मागे सरकले... आणि मी "मी नेते" म्हणाले. मी सेव-उसळ खायला आले होते, हे नोंदवून ठेवते.

ओजसने एकच अट घातली. महिन्याभरात पिल्लं घरात रुळली नाहीत, तर तो परत नेणार. तरसालीत एक घर तयार होतं, तिथे एक शांत, अनुभवी मांजर होती. तिच्या सोबतीने ही पिल्लं रुळली असती.

समा भागातल्या आमच्या घरी नवीन माणूस आलं की उंबऱ्यावर ओवाळतात. मांजरांना वेगळा नियम लावायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आई तबक घेऊन दारात उभी राहिली. निरांजन पेटलं, भाकरतुकडा ओवाळला गेला, आणि सोहळा मुका वाटू नये म्हणून बाबांनी देवघरातली घंटा वाजवली. सोसायटीतल्या बायका "बच्चां जोवा आव्यां" म्हणत पिल्लं बघायला वर आल्या. पिल्लांनी उघड्या टोपलीतून उडी मारली आणि थेट वॉशिंग मशीनमागे गेली. गृहप्रवेश संपन्न झाला.

बाबांनी त्यांची नावं दिवाण आणि फडणीस ठेवली. आमचे पणजोबा संस्थानाच्या दफ्तरात कारकून होते. घराण्याला राहून गेलेल्या बढत्या बाबांनी एका दिवसात देऊन टाकल्या. पुढे दोन्ही पिल्लं माद्या निघाल्या, पण बाबांचं म्हणणं, पद हे पद असतं.

मला ती पिल्लं हवीच होती. दादा कॅनडाला गेल्यापासून आम्ही तिघं तीन खोल्यांत राहत होतो आणि जेवताना टीव्हीशी बोलत होतो. पिल्लं आली आणि तिघंही वॉशिंग मशीनसमोर जमायला लागलो. आई तिथे भाजी निवडायची. बाबा वाकून म्हणायचे, "दिवाणजी, बाहेर या, आपलंच घर आहे." पिल्लं मात्र येत नव्हती. ताटली आमच्या नकळत रिकामी व्हायची, बस.

तीन आठवडे झाले तेव्हा मी ओजसला फोन केला. तो घरी आला, दारातून थोडा वेळ बघत राहिला आणि बाबांना म्हणाला, "काका, त्यांना वाटतंय इथे रोज खटला चालतो."

मग त्याने शिकवलं. खाली जमिनीवर बसायचं. पाठ त्यांच्याकडे. बोलवायचं नाही, हात पुढे करायचा नाही, टक लावून बघायचं तर अजिबात नाही. हळू आवाजात काहीतरी वाचायचं, म्हणजे आवाजाची सवय होते. नजर भेटलीच तर डोळे सावकाश मिटायचे आणि सावकाश उघडायचे. मांजराच्या जगात त्याचा अर्थ, माझी भीती नको. मी ऑफिसात सराव केला. साहेबांनी मला डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर दिला.

ओजस एक दिवसाआड यायला लागला. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून बसायचो. मी औषधांच्या खोक्यातल्या पत्रकांचा मजकूर तपासते, तेच वाचायला घ्यायचे. "क्वचित प्रसंगी चक्कर, मळमळ, घशाला कोरड..."

"आणि धडधड?" त्याने विचारलं.

"ती पुढच्या ओळीत आहे."

त्याच्या शर्टाला ओल्या रेनकोटचा आणि कसल्याशा पुदिन्याचा वास येत होता. बहुधा कवळ्यांचा. मी त्याही वासाला रुळले होते.

"तुम्ही इकडे बघताय," मी म्हणाले. "बघायचं नाही असं तुम्हीच सांगितलंय."

"मांजराकडे बघायचं नाही," तो म्हणाला. "मांजराकडे कुठे बघतोय..."

मी पुढचे दुष्परिणाम दोनदा वाचले.

पण महिना संपला आणि फडणीसचा फक्त एक कान बाहेर आला होता. रविवारी दुपारी ओजस टोपली घेऊन आला. त्याचा चेहरा माझ्यापेक्षा पडलेला होता. मी दिवाण-फडणीसचं जुनं फडकं टोपलीत घातलं, म्हणजे तरसालीत ओळखीचा वास राहील. आई ओट्याशी उभी राहिली. ओजसने वॉशिंग मशीन हलकेच पुढे ओढलं.

मागे कुणी नव्हतं.

मशीनच्या पाइपाजवळ एक हरवलेला चमचा होता, दादाचा एक मोजा होता. पिल्लं नव्हती. बाल्कनीचं दार अर्धं उघडं. ओजस जिन्यावरून खाली धावला, प्रत्येक गाडीखाली वाकून आला, पावसात भिजून परत आला. आईने तांदळाचा डबासुद्धा उघडून बघितला. मी कपाटं उघडत होते आणि मनात म्हणत होते, तरसाली तर तरसाली, कुठेतरी असू देत...

शेवटी बाबांना सांगायला त्यांच्या खोलीचं दार ढकललं.

बाबा सतरंजीवर उताणे पडले होते. डोळे घट्ट मिटलेले. पोटावर दिवाण, काखेत फडणीस, दोघीही गाढ झोपलेल्या.

"आत येऊ नका," बाबा ओठ न हलवता म्हणाले. "जेवण झाल्यावर पडलो तेव्हा आल्या. मी बघितलेलं नाही. नियम पाळलाय. माझा डावा पाय गेलाय, पण चालेल."

आई दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड घालून हसायला लागली. मग तिचे डोळे वाहायला लागले. आपल्या नवऱ्याला इतका वेळ गप्प तिने कधीच पाहिलं नव्हतं, असं ती नंतर म्हणाली.

मी ओजसला सोडायला जिन्यापर्यंत गेले. त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं आणि टोपली रिकामी होती. इतकी छान रिकामी वस्तू मी आयुष्यात पाहिली नव्हती.

"तरसालीला फोन करून सांगतो," तो म्हणाला. मग तिथेच उभा राहिला. "एक सांगायचं होतं. आम्ही कुणाच्या घरी येत नाही. सगळ्यांना व्हिडिओ कॉलवरच शिकवतो."

"सगळ्यांना?"

"तुम्ही सोडून सगळ्यांना." त्याने टोपलीचं झाकण उगाच उघडलं, लावलं. "आता त्या रुळल्या. म्हणजे मला यायला काही कारण..."

"मी आहे ना कारण," मी म्हणाले. आणि तोंडातून निघून गेलं, "तू येत जा."

त्या 'तू'ने टोपली त्याच्या हातून निसटली. जिन्यावर आपटली असती तर आत सगळं ओम फस झालं असतं. त्याने ती अर्ध्यातच गुडघ्यांत धरली आणि तसाच राहिला, एका पायावर, भिंतीला हात लावून, श्वास रोखून. आम्ही कान दिले. आतून काहीच आवाज नाही. फक्त बाबांचं हलकं घोरणं... आणि त्यात मिसळलेली दोघींची बारीक घुरघुर.

"झोपलेत," तो कुजबुजला. गुडघ्यांतली टोपली सुटली नव्हती. "अबोली, मी हो म्हणतोय. पण मला आधी ही काढून दे."

मी टोपली काढली, आणि त्याचा हात धरून ठेवला.