कट्ट्यावरची गोगलगाय

लिफ्टला बंद पडायला नेमका आजचाच दिवस सापडला होता. भिंगरी चौथा मजला चढत होती. एका हातात ओली छत्री, दुसऱ्या हातात फाइल.

"अहो, जरा दार धरता का?"

तिनं मागं वळून पाहिलं, तर आवाज होता पण चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी खुर्ची होती. कुणीतरी डोक्यावर उलटी खुर्ची घेऊन जिना चढत होतं.

तिनं छत्री बगलेत मारली आणि काचेचं दार धरलं. खुर्ची आत शिरली, जमिनीवर टेकली, आणि तिच्या मागून एक तरुण बाहेर आला. केस विस्कटलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर… आणि हसू असं, की समोरच्यालाही उगाच हसू यावं.

"कुणाचा एवढा पाहुणचार?" तिनं विचारलं.

"आज मुलाखतीला कोणीतरी येतंय. आधीच्या खुर्चीचा पाय मोडलाय. उमेदवार पडायचाच असेल तर आमच्या प्रश्नांनी पडावा ना… खुर्चीनं कशाला?"

"मुलाखत घेणार कोण?"

"एक आमच्या मॅडम. आणि एक मठ्ठ माणूस."

"मठ्ठ?"

"म्हणजे मी."

"बरं झालं सांगितलंत," भिंगरी म्हणाली, "नाहीतर मला कळायला वेळ लागला असता. मीच ती उमेदवार."

तो असा काही लाल झाला की बस. आणि भिंगरीला जरासं हलकं वाटलं. पण जराच हं. कारण ही नोकरी म्हणजे तिच्यासाठी आरपारची गोष्ट होती. आधीची कंपनी बंद पडली, त्यानंतर ज्या ज्या दारी गेली तिथून नकार घेऊन परतली, आणि आता आईनं बजावलं होतं, "हे शेवटचं. नाहीतर सोमवारपासून मामाच्या दुकानात बिलं टाइप करायला जायचं." मामा बिचारा लाख चांगला. पण प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलीनं जन्मभर बिलं टाइप करायची? छे! नुसत्या कल्पनेनंच तिला रडू यायचं.

या रिकाम्या दिवसांत तिला तारलं होतं ते एका कट्ट्यानं. कट्टा म्हणजे खरा दगडाचा नव्हे. प्रोग्रामर मंडळींचा, ऑनलाइन. ज्याचं घोडं अडलं त्यानं तिथं प्रश्न टाकायचा, ज्याला येतं त्यानं उत्तर द्यायचं. सगळे टोपणनावानं यायचे आणि कुणी कुणाचं खरं नाव विचारायचं नाही, असा तिथला रिवाज. हिचं घरचं लाडाचं नाव भिंगरी, तेच तिनं तिथं लावलं होतं.

तिथंच तिला गोगलगाय भेटली होती. म्हणजे भेटला होता.

त्याचा पहिलाच प्रश्न वाचून ती एकटीच हसत सुटली होती. औषधांच्या यादीतून मुदत संपलेली औषधं काढून टाकायची होती. यादीत चार औषधं, चारही मुदत संपलेली, आणि तरी प्रोग्राम चालवला की दोन शिल्लक! बरं, त्या चार औषधांना या पठ्ठ्यानं नावं काय दिली होती… कडू, फार कडू, कडू जहर आणि शी.

तिनं उत्तर दिलं, "अरे बाबा, रांगेत बसलेल्या एकाला तू उठवलंस की मागचे सगळे एकेक खुर्ची पुढं सरकतात. आणि तू मात्र आपला पुढच्या खुर्चीकडं निघतोस. मधला सुटणारच! रांग शेवटाकडून तपासत ये."

"तीन दिवस भिंतीवर डोकं आपटत होतो," त्यानं लिहिलं होतं. "तुम्ही देवमाणूस आहात."

"माणूस नाही, मुलगी आहे. आणि औषधांना असली नावं देणाऱ्याची मला काळजी वाटते."

बस, तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. कोणी नवखा रडकुंडीला येऊन प्रश्न टाकायचा आणि हे दोघं धावायचे. अर्धं उत्तर त्याचं, अर्धं हिचं. मग दोघांचंच वेगळं बोलणं. आज उशीर का केलास, जेवलीस का, त्या पोराला तू जरा जास्तच झापलंस… तो आपल्या साहेबीणबाईंना 'कुकर' म्हणायचा. "तीन वेळा 'हुश्श' करतात," तो लिहायचा, "आणि तिसऱ्याला झाकण उडतं. समोर असेल तो भाजतो." भिंगरी पोट धरधरून हसायची.

गेल्या आठवड्यात तिच्या पडद्यावर 'गोगलगाय लिहीत आहे' असं किती तरी वेळ दिसत राहिलं. ती डोळे लावून बसली… आणि शेवटी काय आलं? "काही नाही. उद्या बोलू." अस्सा राग आला होता तिला!

आज मुलाखत आहे हे मात्र तिनं त्याला मुद्दामच सांगितलं नव्हतं. नकार मिळाला तर निदान एक माणूस तरी असा असावा, ज्याला ते ठाऊक नाही.

खोली लहानशी होती. खिडकीच्या काचेवरून पावसाचे ओघळ उतरत होते. मॅडम मधोमध बसल्या होत्या; केस चापूनचोपून बांधलेले, समोर पेन सरळ रेषेत ठेवलेलं. खुर्चीवाला फळ्यापाशी उभा होता. पहिले चार प्रश्न भिंगरीनं पटापट उडवले. मॅडमनी मान डोलावली नाही, पण भुवया किंचित वर गेल्या. तेवढंही पुष्कळ होतं.

"आता शेवटचा," मॅडम म्हणाल्या. "आमच्याच कामात आलेली अडचण आहे, यात आतापर्यंत सगळे अडकलेत. घ्या हो, लिहा तुम्ही."

तो फळ्यावर लिहू लागला. एक यादी होती. औषधांची. मुदत संपलेली औषधं त्यातून काढायची होती. त्यानं पहिलं नाव लिहिलं, 'कडू'. दुसरं लिहिलं, 'फार कडू'.

"पुन्हा हीच नावं?" मॅडम वैतागल्या. "हुश्श…"

भिंगरीच्या अंगावर सरकन काटा आला. आणि मग जे व्हायला नको होतं तेच झालं. कितीही आवरलं तरी तिची जीभ कधी तिचं ऐकते का?

"कडू जहर," ती बोलून गेली, "आणि… शी."

मार्कर फळ्यावर जागच्या जागी थांबला. त्यानं हळूच मान वळवली. चष्म्याआडचे डोळे असे काही तिच्याकडं पाहत राहिले, जणू इतका वेळ ती खोलीत नव्हतीच आणि आत्ता, या क्षणी, कुठूनशी आली होती. भिंगरीला वाटलं, आता माझं काळीज या टेबलावर उडी मारणार.

"तुम्हाला कसं ठाऊक?" मॅडमचा आवाज थंडगार होता. "त्यांनी अजून लिहिलं नाही. पेपर आधीच मिळाला होता वाटतं?"

"नाही मॅडम! हा प्रश्न मी… मी एका ऑनलाइन कट्ट्यावर पाहिलाय. उत्तर मीच दिलं होतं. म्हणून हा धरू नका. दुसरा द्या."

"कट्ट्यावर?" मॅडम ताठ झाल्या. "आमच्या प्रोग्राममधली अडचण बाहेर जगासमोर टाकली होती? कुणी?"

अरे देवा! हे तर तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. स्वतःला वाचवायला म्हणून खरं बोलली, आणि फास पडला तो त्याच्या गळ्यात.

"मॅडम, मी—" तो पुढं आला.

"तुम्ही थांबा. मी यांना विचारतेय. नाव?"

"तिथं कुणी कुणाचं नाव विचारत नाही."

"मग फोन काढा. ते उत्तर तुमचंच आहे हे दाखवा, म्हणजे प्रश्न मिटला."

भिंगरीनं पर्समधला फोन घट्ट धरला. दाखवायला काय जात होतं? एवढं एक पान उघडलं असतं तर तिच्यावरचा आळ गेला असता, नोकरी हातात आली असती. पण त्या पानावर 'गोगलगाय' असं लिहिलेलं होतं, आणि पलीकडच्या पानावर त्याचं सगळं मन. कुकरसकट! तिचं रडू फुटायच्या बेतात होतं, आणि त्याच वेळी त्याचा मनस्वी राग येत होता. एवढ्या मोठ्या जगात याला हीच कंपनी सापडावी?

"नाही दाखवणार," ती म्हणाली. "तिथं माझं खासगी बोलणं आहे. माझ्यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा."

"हुश्श…" दुसरा. "मग तुम्ही जाऊ शकता."

संपलं. ती उठली. फाइल उचलली, छत्री उचलली. मामाचं दुकान, बिलांचे गठ्ठे, आईचा न बोलता पडणारा चेहरा, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. ती दाराकडं वळली.

"मॅडम, तो प्रश्न मी टाकला होता."

आता तो थांबणार नव्हता. मार्कर अजून मुठीतच होता.

"नावं बदलून, अडलेल्या तेवढ्या ओळी टाकल्या होत्या. तरी तुम्हाला विचारून टाकायला हव्या होत्या. चूक माझी आहे. उत्तर यांचंच आहे. आणि या उमेदवाराला मी गुण देऊ शकत नाही."

"का?" मॅडमनी विचारलं.

भिंगरीनं मान वर केली. हा आता आणखी काय घोळ घालतोय!

"कारण… ती मला आवडते." त्याचे कान लालबुंद झाले होते. "ती कोण, कशी दिसते, काही ठाऊक नव्हतं. आत्ता कळलं. पण आवडते मात्र कित्येक महिन्यांपासून. मी गुण दिले तर ते खरे नसतील."

भिंगरीच्या डोळ्यांतलं पाणी आलं तसं तिथंच अडकून बसलं. एवढा मठ्ठ माणूस… आणि बोलायला जागा निवडली तर ही!

मॅडमनी पेन उचललं, पुन्हा सरळ रेषेत ठेवलं. "तुम्ही बाहेर जा. तुमचं मी नंतर बघते."

तो गेला. मॅडमनी स्वतः फळा पुसला आणि नवा प्रश्न मांडला, चांगलाच अवघड. भिंगरीची पहिली ओळ चुकली. पुसली. दुसऱ्यांदा लिहिताना तिला कट्ट्यावरचे ते रडवेले नवखे आठवले. त्यांना ती काय सांगायची? आधी श्वास घे, मग कुठं अडलंय ते बघ. तिनं श्वास घेतला. हळूहळू गुंता सुटत गेला, आणि ती मोठ्यानं बोलत, समजावत लिहीत गेली. मॅडमना समजावतेय हेही ती विसरली.

"काम येतं तुम्हाला," मॅडम शेवटी म्हणाल्या. "आता एक प्रश्न, जो मी सगळ्यांना विचारते. या कंपनीत तुमच्या नात्याचं कोणी आहे? इथं नात्यातली दोन माणसं एका विभागात घेत नाहीत. आणि ही जागा आत्ता बाहेर गेला त्याच्याच विभागातली आहे. तेव्हा नीट विचार करून बोला. तो तुमचा कोण?"

"मी… विचारून येऊ का?"

मॅडम बघतच राहिल्या. मग हातानंच म्हणाल्या, जा.

तो जिन्यात कठड्याला टेकून उभा होता. तिला पाहताच दचकला.

"मॅडम विचारतायत, तू माझा कोण?" भिंगरीनं एका दमात विचारलं. जिना चढताना तुम्ही होतं, आता तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. "कोणी आहेस म्हटलं तर जागा जाईल."

"मग कोणी नाही म्हण." तो पटकन म्हणाला. "अगं, नोकरी घे. माझं काय… मी कट्ट्यावर आहेच."

"तुला कोणी नाही म्हटलेलं चालेल?"

तो नुसता बघत राहिला. चष्मा घसरलेला, सावरायचंही भान नाही. चालणार नव्हतं. ते त्याच्या चेहऱ्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की भिंगरीला आणखी काही वाचायची गरज उरली नाही. ती गर्रकन वळली आणि आत गेली.

"मॅडम," ती उभ्यानंच म्हणाली, "आज तो माझा कोणी नाही. पण खोटं कशाला सांगू… होणार आहे. जागा द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा."

"हुश्श…" तिसरा!

भिंगरीनं डोळे मिटून घेतले. झाकण उडायची वाट पाहिली. पण उडालं ते हसू. मॅडम हसत होत्या, चक्क पदरानं डोळे टिपत.

थोड्या वेळानं ती बाहेर आली. तो तिथंच, तसाच.

"काय झालं?" त्यानं विचारलं. "काय सांगितलंस?"

"तुला सोमवारपासून वरच्या मजल्यावरच्या विभागात बसायचंय," भिंगरी म्हणाली. "शिक्षा म्हणून महिनाभर नवख्यांना शिकवायचं. मॅडमचा हुकूम आहे."

"आणि इथं? माझ्या जागेवर?"

"मी."

"पण मला वर का?"

पाऊस थांबला होता. तिनं छत्री त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, "आपण नात्यातले आहोत म्हणून."