सात नंबरचं बटण

त्याने तिचा प्लग काढला, तिथून सगळं सुरू झालं.

नाट्यगृहात अगदी मागे, शेवटच्या रांगेच्याही वर, तिची काचेची छोटी खोली होती. तालीम रंगात आली होती. समोरच्या तीस फुटी पडद्यावर ती निळं पाणी सोडत होती, आणि एकदम... अंधार! तिने वळून पाहिलं, तर कुरळ्या केसांचा एक उंच इसम भिंतीपाशी उकिडवा बसलेला. एका हातात त्याच्या कॅमेऱ्याच्या चार्जरचा प्लग, दुसऱ्या हातात तिच्या यंत्राचा.

"तुमचं काही चालू होतं का?" त्याने विचारलं.

"छे हो! मी इथे हवा खायला बसते."

"मग बरं झालं," असं म्हणून तो हसला. असा हसला, की तिला धड चिडताही येईना. आणि चिडणं म्हणजे तर तिच्या डाव्या हातचा मळ.

तिला सगळे पडदेवाली म्हणत. खाली गायिकाबाई गायच्या, आणि त्यांच्या मागच्या पडद्यावर ही चित्रं खेळवायची. सिनेमासारखं एकदा लावलं आणि झालं, असं नव्हतं. बाईंचा सूर आज जिथे रेंगाळेल, तिथे उद्या धावेल. म्हणून आठ-दहा सेकंदांचे शेकडो तुकडे, त्यांतले निवडक सोळा तुकडे सोळा बटणांवर, आणि हिची बोटं गाण्याबरोबर. तुकडा डोळ्याचं पातं लवायच्या आत सापडायला हवा, म्हणून तिने ते स्वभावाप्रमाणे लावले होते. 'रुसलेले', 'घाई झालेले', 'झोपाळू', 'उगाच हसणारे' अशी फोल्डरांची नावं. हळू फिरणारा पंखा झोपाळूंत, उकळतं पाणी घाईवाल्यांत. आणि काम करताना हेडफोन कानांवर असले, की बाहेरच्या जगाला तिचं एकच उत्तर असे: "हो, हो." याच्या जोरावर तिच्या ताईने तिचे दोन ड्रेस लांबवले होते.

प्लगवाला इसम कॅमेरावाला निघाला. नव्या कार्यक्रमासाठी नवे तुकडे टिपायला बाईंनी त्याला नेमला होता. त्यामुळे पुढचे तीन महिने रोज दुपारी तो यायचा, सकाळभर टिपलेलं आणून द्यायचा आणि शेजारच्या स्टुलावर बसून हिची निवडानिवड बघत राहायचा.

"ही ओली काच कुठे टाकलीस?"

"रुसलेल्यांत."

"आणि मला कुठे टाकशील?"

"अजून ठरवतेय..." ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. "बहुतेक उगाच हसणाऱ्यांत."

तो आणखीच हसला. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तो आला नाही तर दुपार सरत नाही, हे तिला कळून चुकलं होतं. फक्त कबूल करायचं राहिलं होतं.

आणि मग ती मान आली.

त्याच्या तुकड्यांत एके दिवशी एका बाईची मान निघाली. अगदी जवळून टिपलेली. पिवळसर उजेड, वर बांधलेल्या केसांतून सुटलेल्या चार बटा, आणि बरोब्बर मधोमध एक तीळ. चेहरा नाही, कपडा नाही. पण कॅमेरा त्या तिळापाशी असा थबकला होता, की... ओल्या काचेपाशी तो असा कधी थबकला नव्हता. दुसऱ्या आठवड्यात तीच मान पुन्हा. मग पुन्हा. एकूण सात तुकडे.

पडदेवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. कोण ही? कुठे भेटते याला? आणि एवढं जवळ बसू देते? घरी जाऊन ती ताईवर खेकसली, जेवली नाही. मत्सर वाटतोय हे तिला स्वच्छ कळत होतं, आणि त्याचाच जास्त संताप येत होता. दुसऱ्या दिवशी तिने नवं फोल्डर उघडलं, त्याला 'सटवी' असं नाव दिलं, सातही तुकडे त्यात कोंबले आणि ज्या सात नंबरच्या बटणावर ती मान होती, तिथे ढग चढवले.

त्याच्या ते लगेच लक्षात आलं. "सातवर ढग कसे आले?"

"मला ढग आवडतात."

"शेवटच्या गाण्याला ढग? बाईंनी तो मानेचा तुकडा पसंत केलाय."

"तुझ्या त्या तीळवालीला सगळीकडे मिरवायची का?"

"तीळवाली?" तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या ओठांच्या कडा हलल्या. "तू... ओळखलं नाहीस तिला?"

"मी कशाला ओळखू? कोण आहे?"

"आहे एक. हट्टी आहे, तिरसट आहे. सरळ उत्तर देईल तर शपथ." तो खुशाल सांगत होता. "पण काय सांगू... तिच्याशेजारी बसलं ना, की उठावंसं वाटत नाही."

"मग जा की तिच्याकडे. इथे स्टूल कशाला अडवतोस?"

"शनिवारच्या कार्यक्रमाला ती असणार आहे. तेवढी शेवटच्या गाण्याला तिला पडद्यावर आण. मग मी तिला विचारणार आहे."

"काय?"

"ते तिला विचारीन ना."

तिला रडू आलं. ते लपवायला तिने हेडफोन चढवले, आणि तो आणखी काहीतरी बोलला त्यावर "हो, हो" म्हणून टाकलं.

शनिवारी चारचा कार्यक्रम. नाट्यगृह गच्च भरलेलं. ताई हौसेने काचेच्या खोलीत, त्याच स्टुलावर येऊन बसली होती. तो खाली, रांगांमधल्या वाटेत, कॅमेरा घेऊन उभा होता. पडदेवाली एकेक बाईमाणूस न्याहाळत होती. ती निळ्या साडीतली? की ती पुढच्या रांगेतली, सारखी मागे वळणारी?

शेवटचं गाणं सुरू झालं. मान तिने सातवर आणली होती, ढग सहावर. बोट दोन्हींच्या मधे अधांतरी राहिलं. सहा दाबलं तर कुणाला काही कळणार नाही. तो मात्र कदाचित आज विचारणार नाही... कदाचित कधीच नाही. तेवढ्यात बाईंनी सूर वर नेला, अगदी हळुवार नेला. त्या सुराला ढग चालले नसते. एवढं तिला कळत होतं, आणि न कळल्यासारखं करणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं. डोळे भरून आले. तिने सात दाबलं.

तीस फुटी पडद्यावर ती मान उजळली.

ताईने तिच्या एका कानावरचा हेडफोन उचलला. "अगं, हे कधी काढून घेतलंस?"

"काय?"

"हेच की! तुझी मान!"

"माझी नाही गं ती. ती... आहे कुणीतरी."

"वेडी का तू? शाळेत असताना पाच वर्षं तुझ्या दोन वेण्या कुणी घातल्या? भांग सरळ आलाय का, ते मी त्या तिळावरून तर बघायचे!"

तिचा हात नकळत मागे मानेकडे गेला. माणसाने स्वतःची मान कधी बघितलेली असते? खाली कॅमेरावाल्याने रंगमंचाकडे पाठ फिरवली होती आणि तो वर, काचेकडे बघत होता. गाण्याची शेवटची थाप पडली. तिथे पडदा काळा करायचा होता. ती विसरली. टाळ्या वाजत राहिल्या आणि तिची मान तशीच झळकत राहिली.

तो धापा टाकत वर आला. ताईला एकाएकी पाणी प्यायला जावंसं वाटलं.

"विचारायचं नाही का आधी?" ही फुरंगटून म्हणाली.

"विचारलं होतं! 'मानेवर उजेड छान पडलाय, घेऊ का?' तू म्हणालीस, 'हो, हो, घे, आणि दार लावून घे.'"

"मला वाटलं स्टूल मागतोयस..."

त्याची नजर तिच्या छोट्या पडद्यावर गेली. फोल्डरचं नाव वाचून तो भिंतीला टेकला आणि पोट धरून हसला. "सटवी? स्वतःलाच?"

"नाव बदलते मी..."

"खबरदार!" मग हसू ओसरलं. तो गडबडला, कुरळ्या केसांतून हात फिरवला. "ते... मला तिला विचारायचं होतं."

"विचार की."

"आधी ते काढ."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"माझा जीव जडलाय तुझ्यावर. तुझाही जडलाय का?"

"हो," ती म्हणाली. या वेळी नीट ऐकून.