जाऊ देणारा माणूस

यांची सुई हरवली असणार, असंच शिवणवालीला वाटलं. नाहीतर धडधाकट माणसं भरदुपारी जमिनीकडे बघत गोगलगायीसारखी कशाला चालतील? गिऱ्हाइकाची पँट द्यायला ती जिना चढली होती आणि भलतंच, ध्यानवर्गाचं दार उघडून बसली होती.

“मी शोधू लागू का? मला सुया पटकन सापडतात.”

रांगेतला एक जण फस्सकन हसला. खालच्या दुकानातला चष्मेवाला. बुद्धाच्या मूर्तीशेजारच्या म्हाताऱ्या भिक्खुणीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसे त्याचे कान लाल झाले.

“इथे पाऊल टाकताना फक्त पाऊल टाकायचं असतं,” तो कुजबुजला.

“आणि हसताना?”

“हसताना… हसायचं.”

झालं. तिथेच पोरगी फसली.

आई गेल्यापासून तिला झोप नव्हती. दादाच्या घरात अंथरूण स्वयंपाकघरात, मशीन दाराआड. वहिनी दोन जिवांची. येता-जाता मशीनकडे बघून म्हणायची, “पाळणा कुठे ठेवायचा, कळत नाही बाई.” कळत सगळं होतं.

म्हणून ती वर जाऊन बसू लागली. श्वास आत, श्वास बाहेर. मन पळालं की कान न पिरगाळता परत आणायचं. हळूहळू दोरा ओवताना दोरा दिसू लागला, झाडताना केर. “केर काढतेस की त्याची समजूत घालतेस?” वहिनी विचारायची. पण छातीवरचा दगड घटकाभर तरी उतरायचा.

“ध्यानात डोळे उघडता तुम्ही,” एकदा जिन्यात ती त्याला म्हणाली.

“मिटल्या डोळ्यांनी बघितलंत?”

बाहेर भुरभुर पाऊस होता, म्हणून ती दुकानात थांबली. पावसाचं निमित्त. त्याने तिच्या नाकावर चष्मा ठेवला आणि भिंतीवरची अक्षरं दाखवली.

“खालची ओळ वाचा.”

“दिसत नाही.”

“का?”

“तुम्ही मध्ये उभे आहात.”

तो बाजूला झाला नाही. बोटं मात्र तिच्या कानामागे चष्म्याची काडी बसवत राहिली… उगाचच.

भिक्खुणी सांगायची, “मनात येईल ते बघा. धरू नका, ढकलू नका.” चष्मेवाल्याने त्यातलं ‘धरू नका’ तेवढं उचललं. पुरुषाला अर्धंच ऐकू येतं, त्यात नवल ते काय!

मग दादाने स्थळ ठरवलं. दूरच्या गावचा कापडवाला, बायको गेलेली, माणूस सज्जन. दादा म्हणाला, “तू नको म्हण, मी मोडतो.” पण म्हणताना तिच्याकडे बघितलं नाही. ती तशीच दुकानात आली.

“माझं लग्न ठरतंय. तुम्हाला काही बोलायचंय?”

त्याने डोळे मिटले. लांब श्वास घेतला. “मनात खूप आलं,” तो शांतपणे म्हणाला. “बघितलं… आणि जाऊ दिलं.”

“मलाही?”

“आपण कुणाला धरून ठेवणारे कोण?”

तिने वाट पाहिली. काचा पुसायचं फडकं त्याच्या मुठीत पिळवटत होतं, ते तिला दिसत होतं. त्याला दिसत नव्हतं. एवढं बसून, एवढा श्वास बघून, मेल्याला स्वतःची मूठ दिसेना.

“ढकलू नका, असंही म्हणाल्या होत्या त्या,” ती म्हणाली. “तुमची शांती तुम्हाला लखलाभ.”

घरी जाऊन तिने होकार दिला. राग होता, स्वाभिमान होता, आणि पाळण्याला जागाही हवीच होती.

लग्न नोंदणीच्या कचेरीत सह्या झाल्या. नवरा गाडी बघायला गेला, तेव्हा पायऱ्यांशी चष्मेवाला उभा होता. दाढी वाढलेली, स्वतःच्याच चष्म्यावर बोटांचे ठसे.

“जाऊ देता येत नाही,” तो म्हणाला. “बसलो, चाललो… सगळं केलं. माझं प्रेम आहे तुमच्यावर.”

“आत्ताच सह्या झाल्या.”

“बघितलं मी. दाराशीच होतो.”

“मग हाक का नाही मारलीत?”

तो चष्मा काढून पुसू लागला. तिच्याकडे थांबायला वेळ नव्हता. गाडी आली.

नव्या घरात पहिल्या सकाळी ती भांडी घासायला उभी राहिली. नळाचं पाणी बोटांवर थंड. ताटाची कड. स्वतःचा श्वास, अडकत येणारा. सगळं लख्ख कळत होतं, आणि त्यात रडूही होतं. नवऱ्याने मागून हळूच विचारलं, “आईची आठवण येतेय का?”

“हो,” ती म्हणाली.

तो बिचारा नळ तिच्यासाठी जरा बारीक करून गेला. ती मनात आलेलं बघत उभी राहिली. धरलं नाही, ढकललं नाही. ते जायचं नाव घेईना.