मास्तरांची कौदी

मुरुमजवळच्या त्या गावात जुन्या लुगड्याधोतरांची पांघरुणं, म्हणजे कौद्या, शिवणाऱ्या बाया पुष्कळ होत्या. पण कौदीवर चित्रं उठवणारी शरणम्मा एकटीच. आणि चित्रं सगळी सिद्धलिंग मास्तरांच्या गोष्टींतली. मिठाचा उंट, ढग चरायला नेणारी म्हातारी, विहिरीच्या तळाशी नांदणारं गाव. पोरांसाठी लिहिणारे मास्तर पटकीनं गेले, तेव्हा शेवटची गोष्ट अर्धीच राहिली होती. विहिरीत उतरलेली पोर एका बंद दारावर थाप मारते, आतून आवाज येतो, “कोण?” बस, तिथंच.

निजामाचे शेवटचे दिवस होते. मराठी पुस्तक दिसलं की ठाण्याच्या अमीनाला, म्हणजे फौजदाराला, फितुरीचा वास यायचा. त्यानं मास्तरांची पुस्तकं घराघरातून काढून चावडीपुढं पेटवली. राख निवेपर्यंत शरणम्मा तिथनं हलली नाही. मग घरी येऊन तिनं लग्नातलं इरकल लुगडं पेटीतनं काढलं आणि सरळ कात्री लावली.

“अगं, इतकं जपलं होतंस की!” तिची जाऊ शांताक्का कळवळली.

“पुस्तकं जाळली, अक्का. आता लोकांची पांघरुणं जाळतोय का बघू.”

उन्हाळाभर ती शिवत बसली. एका चौकोनात एक गोष्ट. मधला चौकोन तेवढा कोरा ठेवला. मास्तरांनी जे लिहिलं नाही, ते आपण शिवायचं नाही, एवढी तिला समज होती.

थंडी पडली. तिची लेक शिवकांता त्या कौदीखाली निजली आणि सकाळी भाकरी मोडता मोडता म्हणाली, “अव्वा, दाराच्या आत बी तीच पोर होती.”

पोरीनं मनचं रचलं असंल, असं शरणम्माला वाटलं. पण शांताक्काची पोरं कौदी घेऊन निजली, ती उठून तेच बोलली. मग शेजारची. शब्दाला शब्द तोच. सांगता सांगता पोरं मध्येच थांबायची आणि बारीक खाकरायची. मास्तर असेच खाकरायचे. यातल्या निम्म्या पोरांनी मास्तरांना कधी बघितलंही नव्हतं.

“जाळून टाक ती,” शांताक्का दाराबाहेरूनच म्हणाली.

“अमीनाचं काम आपण करायचं व्हय?”

बातमी ठाण्यावर गेलीच. भर दुपारी शरणम्माला कौदीसकट चावडीवर बोलावलं.

“बच्चों को कौन पढ़ाता है?”

“कुणी न्हाय, साहेब. पांघरूण हाय ते.”

अमीनाला मराठी हुकमापुरतीच यायची. “उसव,” तो म्हणाला.

“म्या न्हाय उसवणार. तुमाला बी हात हायत की.”

अमीनानं चाकू काढला. कोऱ्या चौकोनातून दोऱ्याचं एक काळं टोक बाहेर आलं होतं. तिथं टाका घातल्याचं शरणम्माला आठवत नव्हतं. अमीनानं टोक धरून ओढलं.

दोरा आला. येतच राहिला. एवढ्या उन्हात तो ओला होता. अमीनाच्या बुटांपाशी त्याचा ढीग झाला, तरी कौदीवरचा एक टाका हलला नाही.

मग दोरा ताणला गेला.

आतून कुणीतरी हलकेच हिसका दिला.

अमीनाची मूठ सुटेना.

तो बारीक खाकरला.

“मग ती पोर उंबरा ओलांडून आत गेली,” तो म्हणाला. स्वच्छ मराठीत, मास्तरांसारखाच कानडी हेल काढत. आणि पुढची गोष्ट सांगू लागला. गावातली पोरं एकेक करत जवळ आली आणि मांडी घालून बसली.

गोष्ट संपली तेव्हा अमीनाच्या गालांवरून पाणी वाहत होतं. शरणम्मानं कौदीची घडी घातली. तिला कुणी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती अंगणात उन्हाला बसली. गोष्ट आता पुरी झाली होती. कोरा चौकोन भरायला तिनं सुई ओवली आणि कापडावर हात ठेवला. ते आतून उबदार होतं, आणि संथपणे वरखाली होत होतं.

तिनं हात काढला नाही.

“मास्तर, जरा सरका,” ती म्हणाली. “सुई लागंल.”

कापड एका बाजूनं आकसलं, आणि सुईपुरती जागा झाली.