काळीज नव्हे, दिल

कामरगावच्या बाजारात आषाढाची भुरभुर चालू होती, अन् लखमा खाटकाच्या दुकानापुढे एक गोरटेला तरुण छत्री धरून उभा होता.

"बकऱ्याचं काळीज द्या. अख्खं. कापू नका."

लखमाच्या मुलीनं, गोजरानं, पळसाच्या पानात काळीज बांधून दिलं. त्यानं उघडून पाहिलं, तर आत यकृत; अन् त्याचा चेहरा पडला.

"हे नाही... धडधडते ते."

गोजराला हसू आवरेना. "थे दिल, बाप्पा! काळीज मांगसान तर काळीजच भेटन. इतके शिकले, अन् दिल मांगता येत नाई?"

"मांगतो ना मंग," तो हळूच म्हणाला. "देशीन काय?"

प्रेमात पडायला याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. पण पडणारा कुठंही पडतो.

तो गावातल्या उकंडरावांचा पुतण्या, दिगंबर. नागपूरला डॉक्टरी शिकत होता आणि सुटीत काकांकडे आला होता. साल सत्तावन्न. कॅनडात एका डॉक्टरानं मेलेल्या माणसाच्या हृदयातली झडप जिवंत माणसाला बसवली, हे वाचल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. अशी झडप काढून ठेवली, तर न सडता, न कडक होता किती टिकेल? काकूनं घरात हे थेर चालू दिले नाहीत. म्हणून तो गोठ्यात बसून बकऱ्यांच्या झडपा कात्रीनं सोडवी आणि मिठाच्या पाण्यात पेनिसिलीन घालून बरणीत ठेवी. बकऱ्यांची दिलं पोचवायला गोजरा येई, आणि आली की लवकर जात नसे.

"पानी उकयता, कात्री उकयता. मंग झडपच काहून नाई उकयत?"

"शिजून जाईन ना! जंतू मेले पाह्यजे, झडप नाई."

"लय नाजूक काम हाय. तुमच्यासारख्या धसमुसळ्याले जमन?"

"तू जवळ बसली तर जमन."

जमत मात्र नव्हतं. एका बरणीत बुरशी धरली. दुसरीत औषध वाढवलं, तर झडप चामड्यासारखी कडक झाली. दिगंबर चिडे, गोजरा हसे, आणि तिच्या हसण्यासाठी तो पुन्हा चिडे.

एका दुपारी तिनं त्याच्या स्टेथोस्कोपच्या नळ्या आपल्या कानाला लावल्या आणि त्याच्या छातीवर टेकवल्या.

"अगं बाई! कोनाच्या मांगं पयून राह्यलं हे?"

"तुह्या."

ती लाजली. "आता... माह्यं ऐका."

त्यानं ऐकलं. प्रत्येक ठोक्यामागून घरघर येत होती. त्याचं हसू मावळलं. ती मात्र डोळे मिटून बसली होती.

"तुमचंच नाव घेऊन राह्यलं ना थे? ...बोला ना."

"गोजरा, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता काय तुले?"

"तुमाले कोनं सांगतलं?" तिनं डोळे उघडले. त्याच्याकडे पाहिलं, मग बरण्यांकडे. असा ताप झडप नासवतो, हे तिनं त्याच्याच तोंडून ऐकलं होतं; विहिरीवरून येताना लागणारी धाप ती आजवर हसण्यावारी नेत होती. "म्हंजे... माह्यीच झडप?"

दिगंबरनं तिचे हात धरले. "मी नागपूरले जात नाई आता. इथंच राह्यतो. आपण लगन करू. घरचे काही म्हनोत."

तिला हो म्हणायचं होतं. किती म्हणायचं होतं! पण तिनं हात सोडवून घेतले.

"तुमी इथं माह्या तोंडाकडं पाहात बसान, तर हे काम कोन करन? चार दिसाचा संसार नोको मले. म्हातारं व्हाचं हाय तुमच्यासंगं. जा तुमी. ...लय दिस लागतीन काय?"

"नाही," तो म्हणाला. साफ खोटं बोलला तो.

आणि गेला. पुढे वर्ष-दीड वर्ष बरण्या नासतच राहिल्या, आणि रित्या हातानं गावी यायचा त्याला धीर झाला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात एक झडप महिनाभर मऊ राहिली, तेव्हा तो पहिल्या मोटारीनं कामरगावला धावला. कामाला नुकती सुरुवात झाली होती, माणसाला लावायची गोष्ट अजून दूरच होती. पण तिला सांगायचं होतं.

लखमानं त्याला पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"उशीर केला, बावा. गेली थे, दिवाईच्या आंधी. झोपताबी येत नव्हतं तिले. बसूनच राहे भिंतीले टेकून."

दिगंबरनं विचारलं, "माह्यासाठी काही बोलली?"

"बोलली ना." लखमानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले. "म्हने, मी जा म्हटलं, म्हून कोनी असं जाते काय?"