सेफ्टी शूजची जोडी

केक फ्रीजमध्येच राहू दे, चंदर. बारा वाजायला वेळ आहे. आणि ती तुझी गँग खाली बंप्सची तयारी करतेय ना, तिला पण वर गच्चीवर बोलव. थंडी वाजत असेल तर चादरी आणा. मधूकाका काही सांगायला बसला की तुमची तोंडं वाकडी होतात, माहीत आहे मला. होऊ देत. पण ज्याचा वाढदिवस त्याचेच हातपाय धरून लाथा घालायच्या, हा जो काय तुमचा लाड आहे, त्याच्याआधी एवढं ऐका. मग घालायच्या तर घाला.

आपल्या गावातला सोमा तुम्हाला माहीत आहे. ऑर्डनन्स फॅक्टरीत तो आणि मी एकाच खात्यात होतो. त्याचा मुलगा विक्रांत. त्यानं स्वतः, माझ्यासमोर बसून, जसं सांगितलं तसं सांगतोय.

दोन हजार तेवीसचा डिसेंबर. एकवीस तारीख, मार्गशीर्षातला गुरुवार. विक्रांत अंबरनाथला एका केमिकल कंपनीत डिस्पॅचला होता. कंपनीचं नाव कशाला हवं, आता तिला टाळं लागलंय. त्या दिवशी त्याचा साहेब हरेश प्लँट मॅनेजर झाला होता. संध्याकाळी त्यानं विक्रांतला हाक मारली. "विक्या, रात्री शेडवर बसू. उल्हासनगरहून केक घेऊन ये. बिनअंड्याचा आण, मुकेशचा गुरुवार आहे." हा मुकेश म्हणजे ऑफिसातलाच, बिलिंगवाला. गुरुवारी अंडं चालत नाही, दारू चालते. असली भक्ती.

तर विक्रांत स्कूटर घेऊन उल्हासनगरच्या चार नंबर कँपात गेला. बेकरीवाला सिंधी म्हातारा, क्रीमचा कोन हातात धरून विचारतो, "क्या लिखूं, साईं?" विक्रांतनं सांगितलं. म्हाताऱ्यानं त्याच्या डोळ्यांसमोर अक्षरं काढली, 'काँग्रॅच्युलेशन्स हरेश'. खोका बंद केला, दोरी बांधली. विक्रांतनं खोका पायाशी ठेवला आणि निघाला. शेड होती चामटोलीच्या अलीकडे, हरेशच्या जमिनीवर. चांगला लांबचा पल्ला.

हे सगळं अगदी सरळ वाटतंय ना? पण विक्रांत केकचं बोलता बोलता थांबला होता. कारण बरोबर वर्षापूर्वी, त्याच तारखेला, त्याच शेडवर त्यानं असाच केक नेला होता. तो भूपेशच्या वाढदिवसाचा.

भूपेश चामटोलीचा. ठमाबाईचा एकुलता एक. कंपनीत स्टोअर सांभाळायचा. हातमोजे, गॉगल, कामगारांचे सेफ्टी शूज, सगळं त्याच्या ताब्यात. सेफ्टी शूज बघितलेत ना? पुढे आत लोखंडाची टोपी असते, पायावर ड्रम पडला तरी बोटं शाबूत राहावीत म्हणून. भूपेशला एक खोड होती. प्रत्येक जोडीच्या दोन बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ठेवायचा. दुहेरी गाठ, आणि उरलेली टोकं उलटी आत खोचलेली. अशी पक्की की कामगारांना दातांनी सोडवावी लागायची. शिव्या घालायचे त्याला. हा आपला हसायचा. "एक बूट हरवला तर दुसरा काय डोक्यावर घालणार?" म्हणायचा.

विक्रांत आणि तो एका डब्यातले. दुपारी भूपेशच्या आईची भाकरी अर्धी विक्रांतच्या पोटात.

आता ऐका. कंपनीचं वाया गेलेलं केमिकल टँकरमधून रात्रीचं नाल्यात सुटत होतं. ते सोडत होता हरेश. विल्हेवाटीचे पैसे मालकाकडून घ्यायचा आणि टँकर नाल्यावर रिकामा करायचा. भूपेशला ते समजलं. त्यानं एकाच माणसाला सांगितलं. "विक्या, मी सोमवारी मालकासमोर उभा राहणार. पोरं त्याच नाल्यात खेळतात रे."

आणि विक्रांतनं काय केलं? दुसऱ्याच दिवशी ते हरेशच्या कानावर घातलं. साहेबाच्या मर्जीत राहावं म्हणून. सांगताना माझ्यासमोर मान वर करत नव्हता. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, खरं सांगतो.

हरेश चिडला नाही. उलट म्हणाला, "अरे, पोराचा वाढदिवस आलाय ना? करू या की." आणि त्या दुपारी तो स्वतः स्टोअरमध्ये गेला. स्वतःसाठी सेफ्टी शूज मागितले. एसीत बसणारा माणूस! भूपेशनं हसत हसत नवी जोडी काढून दिली. "साहेब, वापरून झाले की परत आणा हां. जोडीनं."

त्याच शूजनं मारलं त्याला.

रात्री बारा वाजता केक कापला. मग बंप्स. पाय मुकेशनं धरले, हात विक्रांतनं. हरेशच्या पायात ते शूज आहेत, हे विक्रांतनं बघितलं होतं. त्याला वाटलं, दम भरेल, दोन लाथा घालेल, संपलं. पहिल्या लाथेला सगळे हसले. भूपेशसुद्धा हसला. दुसऱ्या लाथेला त्याचा श्वास गेला. तिसरीला काहीतरी मोडल्याचा आवाज आला. भूपेशनं विक्रांतची मनगटं घट्ट आवळली होती. "विक्या, सोड... विक्या..." विक्रांतनं सोडलं नाही. हरेश त्याच्याकडे बघत होता ना, म्हणून. तोंडातून रक्त येईपर्यंत सोडलं नाही.

मग भूपेशच्या तोंडात दारू ओतली, शर्टावर ओतली. त्याला त्याच्याच बाईकसकट चामटोलीच्या वाटेवरच्या पुलाखाली लोटलं. आणि पोरांनो, तेव्हा तो जिवंत होता. विक्रांतला माहीत होतं. कारण मनगटावरची बोटं सुटत नव्हती. मुकेशनं एकेक करून उचकटली.

शूजची वाट लावायचं काम विक्रांतला दिलं. त्यानं पुलावरून एक बूट या अंगाला फेकला, एक त्या अंगाला. सापडलाच तर जोडी जमू नये म्हणून.

चामटोलीत बोभाटा झाला, ठमाबाईचा पोरगा पिऊन मेला. ज्यानं कधी थेंब घेतला नाही, तो. पोलिसांचंही तेच. लोक समाचाराला यायचे आणि दारूवरून चार उपदेश करून जायचे. आणि ती बाई, बाजारात, स्टेशनला, जिथे म्हणून विक्रांत भेटेल तिथे त्याचा हात धरायची. "बाला, तू तं व्हतास त्याच्यासंगं. माजा पोर्‍या पेला नव्हता ना रं?" तिला दुसरं काही नको होतं. एवढंच. आणि हा म्हणायचा, "मला माहीत नाही, मावशी." वर्षभर म्हणत राहिला.

हं. तर केक घेऊन विक्रांत निघाला. अंबरनाथ गेलं, बदलापूर गेलं. कात्रपच्या पुढे दिवे संपले. थंडी मी म्हणत होती. पूल दिसायला लागला तशी त्यानं स्कूटर जोरात पळवली.

पुलावर स्कूटर जड झाली.

मागची सीट दबली. माणूस बसला की दबते ना, तशी. विक्रांतनं ॲक्सिलरेटर पिळला. स्कूटर रडतखडत पुढे. मग वास आला. नव्या रबराचा, नव्या चामड्याचा. स्टोअरचा वास.

त्यानं आरशात बघितलं नाही. हिंमत झाली नाही.

मागून दोन हात आले. थंड. त्याच्या मनगटांवर बसले. हळूच. आणि कानाशी...

"विक्या... शूज कुठायत?"

विक्रांतनं हँडल सोडलं नाही. किती वेळ तसा चालवत होता, त्याला सांगता येत नाही. शेडचा दिवा दिसला आणि मागचं ओझं उतरलं. मनगटं मोकळी झाली.

ओट्यावर हरेश आणि मुकेश पीत बसले होते. "किती उशीर रे? आण इकडे." हरेशनं दोरी तोडली. खोका उघडला.

केकवर लिहिलं होतं, 'हॅपी बर्थडे भूपेश'.

"हे काय आहे?"

"भाई... मी तुमचंच नाव... माझ्यासमोर लिहिलं त्यानं..."

"मला धमकी देतोस? तू? मला?" हरेशनं केक उचलला आणि विक्रांतच्या तोंडावर हाणला. मग लाथ. मग गुद्दे. विक्रांतचे दोन दात तिथेच पडले. "मुकेश, धर याला!" मुकेशनं मागून हात धरले. अगदी तसेच. हरेश आत गेला आणि बाहेर आला तो हातात कोयता घेऊन. पहिला वार खांद्यावर बसला. हाडापर्यंत. मुकेशच्या तोंडावर रक्त उडालं तसा त्यानं घाबरून हात सोडले. विक्रांत खाली पडला. वर बघतो तर हरेश उभा. कोयता उचललेला.

दिवा गेला.

काळोख. कोणी हललं नाही.

मग टाळी वाजली. एक. सावकाश.

दुसरी.

कोणीतरी लयीत टाळ्या वाजवत होतं. वाढदिवसाला वाजवतात तशा.

"मुकेश?" हरेश म्हणाला. "मुकेश, नाटकं बंद कर."

मुकेशचं रडणं कोपऱ्यातून ऐकू येत होतं. टाळ्या मधोमध.

कोयता जमिनीवर पडला. खणकन. आणि हरेश ओरडला, "ए! ए, मला खाली ठेव! कोण आहे? विक्या! हात सोड माझे!"

विक्रांत भिंतीला चिकटून पडला होता. दहा हात लांब. खांदा दाबून.

"विक्या, सोड! सोड रे!"

"मी... मी धरलेलं नाही, भाई."

...

धप्प.

विक्रांतला तो आवाज ओळखीचा होता. लोखंडाची टोपी आणि बरगडी.

धप्प.

हरेश पुढे काही बोलला नाही. नुसता घुसमटल्यासारखा... नंतर तेही नाही. आवाज मात्र येत राहिला.

धप्प.

...

दिवा आला तेव्हा हरेश ओट्याच्या मधोमध पालथा पडला होता. एक अंग आत गेलेलं. तोंडाशी रक्त आणि क्रीम. त्याच्या पायात साध्या चपला. मुकेशच्या पायात चपला. विक्रांतच्या पायात चपला. मुकेश बोंबलत रानात पळाला.

आणि विक्रांत? तो स्कूटरवर बसला नाही. चालत निघाला. रक्त गळत होतं, पण घराकडे वळला नाही, दवाखान्याकडे नाही. चामटोलीला गेला. ठमाबाईचं दार वाजवलं. ती जागीच होती. पोराच्या फोटोपुढे दिवा लावून बसलेली.

त्यानं उंबऱ्यात बसून सगळं सांगितलं. कानावर घातलं ते, हात धरले ते, बोटं उचकटली ते. सगळं. बाई ऐकत होती. संपल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे पेला नव्हता."

"नाही, मावशी. एक थेंब नाही."

मग तिनं त्याला मारलं. दोन्ही हातांनी, तोंडावर, फाटलेल्या खांद्यावर, हात दमेपर्यंत मारलं. यानं एकही चुकवला नाही. दमली तशी मटकन खाली बसली. थोड्या वेळानं उठून तिनं त्याला पाणी दिलं. आणि खांद्याला बांधायला लुगडं फाडलं. मी असतो तर दिलं नसतं, पोरांनो. मी एवढा मोठा नाही.

पहाटे विक्रांतनं बापाला फोन केला. सोमा माझ्याकडे धावत आला. पोलिसांकडे जायच्या आधी आम्ही दोघं चामटोलीला पोचलो. नुकतं फटफटत होतं.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलं असेल. विक्रांत आणि मुकेश आत आहेत. पोलीस म्हणतात, हरेशला या दोघांनीच मारलं, आणि भुताचा बहाणा केला. असेल बाबा. वकील तेच म्हणाला. मी महिन्याला विक्रांतला भेटायला जातो. तो स्वतः त्यावर वाद घालत नाही. ठमाबाई पण जाते भेटायला. आता गावात तिला कोणी उपदेश करत नाही.

पण त्या पहाटे ठमाबाईनं दारातून मलाच विचारलं होतं, "भाऊ, हे कोनाचं?"

मी खाली बघितलं. पायरीवर शूज होते. वर्षभर पाण्यात राहिलेले, काळे पडलेले, शेवाळ धरलेले. पुढचं चामडं कुजून आतली लोखंडाची टोपी उघडी पडलेली. खाली पाण्याचं थारोळं. विक्रांतनं ते बघितले आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. त्यानं एक या अंगाला फेकला होता, एक त्या अंगाला.

मी वाकून एक उचलला. त्याच्याबरोबर दुसरा उचलला गेला.

दोन्हींच्या नाड्या एकमेकींना बांधलेल्या होत्या. कोऱ्या, पांढऱ्या नाड्या. दुहेरी गाठ... आणि उरलेली टोकं उलटी आत खोचलेली.