पुढची डावी सीट

वीज यायला अजून तासभर तरी लागेल. तोवर बस. दिवा जरा तुझ्याकडे सरकव, माझ्या डोळ्यांवर येतोय. जुनी आलिशान गाडी घ्यायचं डोक्यात आहे ना तुझ्या? काय काय तपासायचं ते सांगते. पण नीट सांगायचं तर माझ्या धाकट्या बहिणीच्या गाडीपासून सुरुवात करावी लागेल.

तेव्हा धाकटीची मुलगी आठ महिन्यांची होती. तिला आम्ही चिमणीच म्हणायचो, कारण वजन चिमणीएवढंच. जन्मतःच हृदयात दोष. ऑपरेशन करायचं होतं, पण आधी तिचं वजन वाढायला हवं, आणि तोवर दर पंधरवड्याला घाटापलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. जायला चार तास, यायला चार तास. मेहुणे बोटीवर नोकरीला, सहा सहा महिने समुद्रात. धाकटी एकटी, आणि तिची छोटी गाडी म्हणजे नुसता खुळखुळा. एकदा ती ऐन घाटात बंद पडली. चिमणी रडून रडून निळी पडत होती आणि धाकटी तिला छातीशी धरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत होती. त्या दिवसापासून तिने धोशा लावला.

"ताई, मला जड गाडी हवी. न कुरकुरणारी. जुनी चालेल."

"अगं, पंधरा वर्षांची आलिशान गाडी म्हणजे पांढरा हत्ती. घ्यायला स्वस्त, पोसायला महाग."

"मग तू आहेस ना माहूत."

असं बोलल्यावर काय करणार? दुसऱ्यांच्या गाड्या तपासण्यात माझी बावीस वर्षं गेली, बहिणीला नाही कसं म्हणू?

जाहिरात एका निवृत्त वकिलांची होती. गावाबाहेर, टेकडीच्या उतारावर घर. दुपारी तीनला पोचलो तेव्हा धुकं खाली उतरायला लागलं होतं. वकीलसाहेब भिंतीला हात लावत लावत बाहेर आले. नजर जवळजवळ गेलेली. म्हणूनच गाडी विकायची होती.

आता ऐक. आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर समजायचं, मालकाने आधीच इंजिन फिरवून ठेवलंय. थंड इंजिन सुरू होतानाच त्याची खरी दुखणी बाहेर पडतात. हे बॉनेट गार होतं. मग ऑइलचं झाकण उघडून आतून बघायचं, पांढरट साय दिसली की पाणी मिसळतंय. साय नव्हती. दरवाजे आणि पत्र्यांमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बघितल्या. सारख्या होत्या, म्हणजे ठोकलेली गाडी नव्हे. डिकीतला गालिचा उचलून गंज शोधला. नव्हता. अशा गाड्या हवेच्या फुग्यांवर उभ्या असतात, गळती असली की एखादा कोपरा खाली बसतो. हिचे चारही कोपरे एका पातळीत. सर्व्हिसचं पुस्तक पहिल्या पानापासून भरलेलं, एकाच वळणदार अक्षरात.

"ही लिहायची," वकीलसाहेब म्हणाले. "आमची ही. दोन वर्षं झाली तिला जाऊन."

मग वास. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी कुबट वास सोडत नाही, म्हणून मी गालिच्याला नाक लावते. कुबट काही नव्हतं. फक्त पुढच्या डाव्या सीटपाशी निलगिरीच्या तेलाचा वास होता. मंद, पण ताजा. सकाळीच कुणीतरी मानेला चोळून बसल्यासारखा.

"गाडी कोण धुतं हो?" मी विचारलं.

"कुणी नाही. आठवड्याला गॅरेजवाला येतो, इंजिन सुरू करून जातो. तो काही आत बसत नाही फार वेळ."

मी किल्ली मागितली. त्यांनी दिली, पण मूठ लगेच उघडली नाही.

"पिशव्या मागे ठेवा. पुढची सीट... मोकळी राहू द्या."

"तुम्ही येताय का बरोबर?"

"नको. माझ्याच्याने आता नाही बसवत."

धाकटी मागे बसली, चिमणी तिच्याशेजारी बाळाच्या खुर्चीत. मी चालवायला बसले तशी माझ्या वजनाने गाडी उजवीकडे किंचित दबली. दार लावलं. आणि मग, अगदी हळू, ती डावीकडेही दबली. हलक्या अंगाचं माणूस सावकाश टेकावं तेवढीच.

फुगा, मी मनात म्हटलं. डावीकडचा फुगा गेलाय. हजारांचा फटका.

इंजिन मात्र लोण्यासारखं. फाटकाबाहेर पडलो तोच टुंग... टुंग... टुंग... डाव्या सीटचा पट्टा लावा, म्हणून घंटी. जुन्या गाडीत सीटखालचं वजन ओळखणारं यंत्र बिघडतं, नवल नाही. हात लांब करून मी त्या रिकाम्या सीटचा पट्टा खटक्यात अडकवला. घंटी थांबली.

"कोण आहे गं?" मागून धाकटीने हसत विचारलं.

"तुझी सासू."

"मग सावकाश चालव."

ती हसली आणि दोन वळणांतच झोपली. झोपली कसली, मेल्यासारखी पडली. तीन रात्री तिच्या डोळ्याला डोळा नव्हता. आरशात मला तिची मागे पडलेली मान दिसत होती. चिमणीचं फक्त टोपडं दिसत होतं. मला बरं वाटलं. गाडी इतकी शांत की बाहेरचं जग कापसात गुंडाळल्यासारखं. धुकं काचेला टेकलेलं, वायपर फिरला की तेवढ्यापुरता रस्ता दिसायचा. मी कान देऊन गिअर ऐकत होते. दुसऱ्यातून तिसऱ्यात, धक्का नाही. चढावर रेंगाळणं नाही.

तेवढ्यात डावीकडे सर्र असा आवाज झाला.

मी बघितलं. डाव्या सीटचा पट्टा त्याच्या खाचेतून बाहेर येत होता. वीतभर. आणखी वीतभर. ताणून उभा राहिला... आणि तसाच थांबला. पट्टा बांधलेलं माणूस पाठीमागे वळून बघतं ना, तेव्हा तो खांद्यावरून जसा ओढला जातो, तसा. सीटवर कुणी नव्हतं. निलगिरीचा वास एकदम दाटला.

अंगावर काटा म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. हात स्टिअरिंगला चिकटले. या पट्ट्याला आपोआप बाहेर यायला काही कारण असतं का, हे मी आठवत होते. काही कारण नसतं. तो फक्त आत जातो. बाहेर ओढावा लागतो.

"धाकटे..." मी म्हटलं. ती जागी झाली नाही.

टक्. पट्ट्याचा खटका सुटला.

घंटी सुरू झाली. आधी नेहमीसारखी, मग भराभर, एकीत एक मिसळून. मी तशी घंटी आजवर कुठल्याच गाडीत ऐकलेली नाही. डावी सीट आपल्या मोटारीवर घरघरत मागे सरकू लागली, मागे, अजून मागे, बाळाच्या खुर्चीच्या दिशेने. मला वाटलं ती चिमणीला चिरडणार. मी गाडी कडेला घेऊन करकचून ब्रेक मारला आणि मागे वळले.

सीट चिमणीच्या पायांपासून चार बोटांवर थांबली होती.

आणि चिमणी निळी होती. हनुवटी छातीवर पडलेली, शाल घसरून नाकातोंडावर आलेली. आवाज नाही, हालचाल नाही. ओठ शाईत बुडवल्यासारखे.

मी ओरडले. धाकटी जागी झाली, आणि एकही शब्द न बोलता तिने पोरीला उचललं, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसे तिचे गुडघे पोटाशी दुमडून छातीला दाबून धरले. "ये गं, ये माझी राणी, ये परत..." ती एका सुरात म्हणत राहिली. मी दार उघडून तिच्या पाठीला हात लावून उभी होते. किती वेळ ते माहीत नाही. मग चिमणीने एक उचकी दिली, आणि रडली. देवाशपथ सांगते, त्या रडण्याइतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

घंटी केव्हा थांबली, ते दोघींपैकी कुणालाच कळलं नाही.

हॉस्पिटलला फोन केला. ती रडतेय, गुलाबी झालीय, तर जवळच्या दवाखान्यात दाखवून घ्या, म्हणाले. दाखवलं. अंधार पडायच्या आत आम्ही वकीलसाहेबांच्या दारात परत. मी तावातावाने गेले होते, पण त्यांचा चेहरा बघून माझा आवाज खाली आला.

"पट्टा निघाला का?" त्यांनीच विचारलं.

मी हो म्हटलं. सगळं सांगितलं.

"आमचा नातू होता," ते म्हणाले. "दीड वर्षाचा. ही गाडी नवी होती तेव्हा. असंच धुकं. मी चालवत होतो आणि ही शेजारी बसून मला रस्ता सांगत होती. डावीकडे घ्या, सावकाश, समोर ट्रक आहे. दोन तास तिने समोरून नजर हलवली नाही, माझ्यासाठी. मागे तो शांत होता. आम्हाला वाटलं, झोपलाय. घरी पोचलो तेव्हा... झोपलेला नव्हता."

धाकटीने चिमणीला घट्ट धरलं.

"त्यानंतर ही कधीही समोर बघून बसली नाही. मागची सीट रिकामी असली तरी मान वळवूनच. रोज रात्री मानेला तेल चोळून द्यायचो मी. शेवटपर्यंत." त्यांनी चष्मा काढून पुसला, उगाचच. "मी आधी सांगायला हवं होतं तुम्हाला. पण काय सांगणार? आणि तुमच्या बाळाचा आवाज ऐकला, तेव्हा वाटलं, तिला एकदा भेटू दे..."

घरी येताना मी धाकटीला बजावलं, "ही गाडी घ्यायची नाही. इंजिन सोन्याचं असलं तरी नाही."

"घेणार."

"वेडी आहेस का?"

"ताई, गाडीकडे बघायला तू आहेस. रस्त्याकडे बघायला मी. हिच्याकडे बघायला कोण आहे?"



त्या गाडीने धाकटी सात महिने घाट ओलांडत राहिली. बसल्यावर आधी डाव्या सीटचा पट्टा लावायची, "चला काकू" म्हणायची, मगच किल्ली फिरवायची. चिमणीचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं. आज ती सात वर्षांची आहे आणि एका जागी स्वस्थ बसत नाही. वकीलसाहेबांना दर महिन्याला भेटायला जायची धाकटी, चिमणीला घेऊन. गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. त्या दिवसापासून घंटी नाही, वास नाही, पट्टा जागच्या जागी. धाकटी रडली. मी म्हटलं, रडू नकोस, दोघं भेटले असतील.

मागच्या आठवड्यात गाडी माझ्या शेडमध्ये आणली होती, ब्रेक बघायला. संध्याकाळची वेळ, कामगार गेलेले. चिमणी शाळेत नाटकाच्या तालमीला, धाकटी तिला आणायला. मी एकटीच चालवायच्या सीटवर बसून इंजिनाचा आवाज ऐकत होते. डावीकडे सगळं शांत.

तेव्हा माझ्या पाठीला, सीटच्या मागून, एक लाथ बसली.

अगदी हलकी. लहान पायाची, दीड वर्षाच्या मुलाचा असावा एवढ्या. प्रवासात कंटाळलेलं मूल पुढच्या सीटला मारतं ना, तशी. मी इंजिन बंद केलं. थोड्या वेळाने आणखी एक बसली.

आरशात बघायचं माझं धाडस झालं नाही. पण उतरून जाताही येईना. मी तशीच बसून राहिले, पूर्ण अंधार पडेपर्यंत... आणि त्या इवल्याशा पायांचा कंटाळा काही जात नव्हता.